हिशेबवहीत नसलेला रकाना



अहवालाच्या पुढील पानांवर वर्षभराचा जमाखर्च आपण पाहालच. किती रुग्ण तपासले, किती जणांना सवलत दिली, याची नोंद त्यात आहे. रुग्णाने मनातले किती सांगितले, याचा रकाना मात्र कोणत्याही हिशेबवहीत नसतो. प्राथमिक उपचारांचे यश पुष्कळदा त्याच रकान्यावर ठरते. म्हणून त्याविषयी थोडे.

वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीतील एक आजी मधुमेहासाठी आमच्या बाह्यरुग्ण विभागात येत. साखर आटोक्यात येईना, म्हणून डॉक्टरांनी औषधाची मात्रा वाढविली. तरी फरक पडेना. अखेर आजी विभागातील मावशींजवळ बोलल्या. मुलाची नोकरी सुटल्यापासून त्या एक दिवसाआड गोळी घेत होत्या. डॉक्टरांना सांगण्याचा त्यांना संकोच वाटे. वाढविलेली मात्रा त्यांनी रोज घेतली असती, तर साखर एकदम उतरण्याचा धोका होता. मावशींनी ही गोष्ट वेळीच डॉक्टरांच्या कानावर घातली. मात्रा पूर्ववत झाली आणि गोळ्यांचा खर्च औषधनिधीतून होऊ लागला.

यात दोष आजींना देता येत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. दुपारपर्यंत टोकन संपविण्याची घाई व्यवस्थापन म्हणून आम्हीच लावली होती.

डॉक्टरांचे नेतृत्व म्हणजे काय, याचा धडा महाराष्ट्रात पूर्वीच घालून दिलेला आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे कार्य आरंभिले. लोकांची पहिली मागणी पाणी आणि अन्नाची होती. ती त्यांनी आधी ऐकली. पुढे गावानेच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडविले. गावातील बाई दुसऱ्या बाईजवळ जे बोलते, ते डॉक्टरांजवळ बोलत नाही, हे ओळखून त्यांनी आपले ज्ञान आणि अधिकार वाटून दिला. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीही लोकांना विचारूनच रुग्णालयाला आदिवासींच्या झोपड्यांसारखे रूप दिले व दंतेश्वरी देवीचे नाव दिले. तेथे गावातील स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बालकांची देखभाल केली. त्यामुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

शहरातील रुग्णालयासही हेच तत्त्व लागू पडते. रुग्णाने दीर्घकाळ त्याच डॉक्टरांकडे जाण्याचा आणि मृत्यूचे प्रमाण कमी असण्याचा संबंध ९ देशांतील २२ अभ्यासांपैकी १८ अभ्यासांत आढळला, असे २०१८ मध्ये ‘बीएमजे ओपन’ने नोंदविले आहे. ओळखीचा डॉक्टर ही केवळ सोय नव्हे. तो उपचाराचाच भाग होय.

म्हणून मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांना शक्यतो ठरलेल्या वारी ठरलेलेच डॉक्टर तपासतील, अशी व्यवस्था आम्ही केली आहे. सकाळी काम सुरू होण्यापूर्वी डॉक्टर, सिस्टर, केसपेपर खिडकीवरील कर्मचारी व मावशी पंधरा मिनिटे एकत्र बसतात. त्या बैठकीत मावशींचेही म्हणणे ऐकले जाते. “गोळ्या घेता ना?” याऐवजी “गोळ्या घेताना अडचण काय येते?” असे विचारण्याचा प्रघात डॉक्टरांनी पाडला आहे.

याची किंमत आहे. तेवढ्याच वेळात कमी रुग्ण तपासले जातात आणि जमेची बाजू थोडी हलकी होते. विश्वस्तांनी व देणगीदारांनी ही तूट तोटा न मानता गुंतवणूक मानावी, अशी नम्र विनंती. रुग्णांच्या नातेवाइकांनी तपासणीस येताना घरातील सर्व औषधे सोबत आणावीत आणि चुकलेल्या गोळ्यांविषयी नि:संकोच सांगावे. येथे त्याबद्दल कोणी रागावणार नाही.

आपला विश्वास हीच या संस्थेची खरी ठेव आहे. ती वृद्धिंगत होवो, ही प्रार्थना.