द ऑर्डर ऑफ द स्टिकमधील जादूविषयीचे वाचकतर्क

द ऑर्डर ऑफ द स्टिक हे रिच बर्ल्यू या अमेरिकी लेखक-चित्रकाराचे २००३ साली सुरू झालेले इंग्रजी वेबकॉमिक आहे. काड्यांच्या आकृत्यांसारखी दिसणारी पात्रे, विनोदी संवाद आणि हळूहळू गंभीर होत गेलेले दीर्घ कथानक ही त्याची वैशिष्ट्ये होत. या कथेतील जादू नेमकी कोणत्या नियमांनी चालते, याविषयी वाचकांनी वर्षानुवर्षे केलेली अनुमाने हा तिच्या वाचनाचाच एक भाग बनला आहे. जुन्या भागांचे संग्रह पुन्हा छापण्यासाठी २०१२ साली वाचकांकडे मदत मागण्यात आली, तेव्हा साडेबारा लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमा झाली. यावरून या वाचकवर्गाच्या निष्ठेची कल्पना येते.

नियमांचा आधार

बहुतेक अद्भुतकथांत जादूचे नियम लेखकाच्या मनात असतात आणि वाचक त्यांचा केवळ अंदाज बांधतो. येथे परिस्थिती वेगळी आहे. ही कथा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून खेळल्या जाणाऱ्या अमेरिकी खेळाच्या जगात घडते. हा खेळ प्रथम १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्याची ‘३.५’ ही सुधारित आवृत्ती २००३ साली आली आणि पात्रांचे जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीत होणारे रूपांतर हाच या वेबकॉमिकच्या पहिल्या भागाचा विनोद आहे. म्हणजे जादूचे नियम छापील पुस्तकात उपलब्ध आहेत, पात्रांनाही ते ठाऊक आहेत आणि वाचकाला ते उघडून पडताळून पाहता येतात.

या खेळातील जादूची मूळ कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकावरून घेतलेली आहे. जादूगाराने मंत्र आधी पाठ करून ठेवायचा. तो एकदा उच्चारला की मनातून पुसला जातो आणि पुन्हा पाठ करावा लागतो. परीक्षा संपताच पाठांतर विसरणाऱ्या विद्यार्थ्यांना ही व्यवस्था परकी वाटू नये. मंत्रांच्या नऊ श्रेणी असतात आणि जादूगाराची पातळी वाढेल तशी वरची श्रेणी खुली होते.

यातून वाचकांचा आवडता हिशेब जन्माला आला. ग्रंथ अभ्यासून जादू शिकलेल्या जादूगाराला नवव्या श्रेणीचे मंत्र सतराव्या पातळीवर मिळतात. उपजत जादू असलेल्याला त्यासाठी अठरावी पातळी गाठावी लागते. खलनायक झायकॉन हा मृत्यूनंतरही देहरूपाने वावरणारा, उपजत जादू असलेला मांत्रिक आहे. तो उल्कावर्षावाचा नवव्या श्रेणीचा मंत्र वापरतो. म्हणून त्याची पातळी किमान अठरा, असे अनुमान निघते. एखाद्या पात्राने कोणता मंत्र टाकला, एका दिवसात किती टाकले, कोणत्या घावाने ते कोसळले, अशा नोंदींवरून वाचकांनी जवळजवळ प्रत्येक पात्राची पातळी काढली आहे. बर्ल्यू यांनी मात्र पात्रांची अधिकृत आकडेवारी प्रसिद्ध करण्याचे टाळले आहे. ती दिली तर प्रत्येक प्रसंग तिच्याशी जुळवून पाहिला जाईल आणि कथेचे हात बांधले जातील, ही अडचण उघड आहे.

चार शब्दांचे भाकीत

वार्सुवियस ही कथानायकांच्या गटातील एल्फ जातीची विद्वान जादूगार व्यक्तिरेखा आहे. ती स्त्री की पुरुष हे कथेत हेतुपुरस्सर सांगितलेले नाही. मराठीत क्रियापदालाही लिंग असल्याने तिच्याविषयी लिहिणे जरा कठीण जाते. ‘व्यक्तिरेखा’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे एवढीच सोय. परम जादुई सामर्थ्य कसे मिळेल, असे ही व्यक्तिरेखा एका भविष्यवेत्त्याला विचारते. योग्य वेळी, योग्य व्यक्तीला उद्देशून, परंतु सर्वस्वी चुकीच्या कारणांसाठी चार शब्द उच्चारल्याने, असे उत्तर मिळते.

हे चार शब्द कोणते, यावर वाचकांनी दीर्घकाळ तर्क केले. अनेकांना तो एखादा गूढ मंत्र वाटला, काहींना कोणाकडे मागितलेली क्षमा. प्रत्यक्षात ते शब्द जादूचे नव्हतेच. कुटुंबाला वाचवण्यासाठी धडपडणारी ही व्यक्तिरेखा तीन सैतानांच्या प्रस्तावापुढे विचार करत असताना, आपल्याला यशस्वी झालेच पाहिजे असे अडखळत म्हणते आणि सौदा पक्का होतो. नियमपुस्तकात उत्तर शोधणारे येथे चुकले. त्या व्यक्तिरेखेचा अहंकार ओळखणारे सत्याच्या अधिक जवळ होते.

वंशसंहाराचा मंत्र

या सौद्यातून पुढे आलेला प्रसंग वाचकतर्कांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. वार्सुवियसच्या हातून पूर्वी एक तरुण काळा ड्रॅगन मारला गेलेला असतो. त्याची आई सूड घेण्यासाठी वार्सुवियसच्या मुलांवर चालून येते. सैतानांकडून उसन्या मिळालेल्या सामर्थ्याने वार्सुवियस तिला ठार करते आणि तेवढ्यावर न थांबता तिच्या रक्ताचा प्रत्येक जीव व त्या जीवांच्या रक्ताचा प्रत्येक जीव एकाच वेळी नष्ट करणारा मंत्र टाकते.

हा मंत्र कोणत्याही नियमपुस्तकात नाही. विसाव्या पातळीपलीकडचे जादूगार स्वतःचे मंत्र रचू शकतात, एवढीच मुभा नियम देतात. त्यामुळे वाचकांनी मंत्राची व्याप्ती तर्काने ठरवू पाहिली. रक्ताचे नाते किती पिढ्या मोजायचे? विवाहाने जोडलेले वाचतात का? संकरातून जन्मलेल्या अर्धड्रॅगनांचे काय? या आकडेमोडीबरोबर एक नैतिक वादही चालला. नियमपुस्तकात काळे ड्रॅगन ‘नेहमी दुष्ट’ या वर्गात मोडतात. मग त्यांचा संहार हे पाप की पुण्य? संहाराचे समर्थन करणारे वाचक थोडे नव्हते.

पुढे कथेने दोन्ही प्रश्नांना एकाच प्रसंगातून उत्तर दिले. नायक ड्रेकटूथ नावाच्या मानवी घराण्याच्या शोधात पोहोचतात, तेव्हा सारे घराणे जागच्या जागी मरून पडलेले आढळते. त्यांच्या अंगात काळ्या ड्रॅगनचे रक्त होते. त्या घराण्यातील पुरुषापासून मूल झालेली, स्वतः ड्रॅगनवंशाची नसलेली एक स्त्रीही त्याच क्षणी मेली होती, कारण तिच्या मुलाशी तिचे रक्ताचे नाते होते. संकराचा प्रश्न विचारणाऱ्या वाचकांचा तर्क खरा ठरला; पण संहार हा हिशेबाचा विषय समजणाऱ्यांना मृतांची नावे व चेहरे पाहावे लागले. जन्मावरून एखादी जात दुष्ट ठरवण्याच्या खेळातील प्रथेला बर्ल्यू यांचा विरोध आहे आणि गॉब्लिन जमातीच्या कथेतही तो दिसतो.

नियमांतील मौन

खेळाचे नियम जेथे गप्प बसतात, तेथे वाद अधिक रंगला. ड्यूर्कन हा देवभक्त बुटका व्हँपायर बनतो. नियमांनुसार अशा जीवाची वृत्ती दुष्ट होते; पण आत तोच आत्मा राहतो की दुसरा, हे नियम सांगत नाहीत. मृताला जिवंत करणाऱ्या मंत्रांच्या अटींवरून काही वाचकांनी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केले. अखेर शरीर चालवणारा आत्मा वेगळाच असून ड्यूर्कनचा आत्मा आत कैद आहे, असे कथेने दाखवले.

अशा चर्चांत वाचक दोन भूमिका घेतात. शेरलॉक होम्सच्या चाहत्यांत रूढ झालेल्या भेदानुसार एक भूमिका वॉटसनची, दुसरी डॉयलची. वॉटसनची जखम एका कथेत खांद्याला आणि दुसरीत पायाला का, याचे कथेच्या आतून कारण शोधणे ही पहिली. डॉयल विसरले असतील असे म्हणणे ही दुसरी. द ऑर्डर ऑफ द स्टिकचे वाचक बहुधा पहिल्या भूमिकेचे असतात, आणि झायकॉनसारख्या बलाढ्य मांत्रिकाने एखाद्या लढाईत सर्वांत घातक मंत्र का वापरला नाही, याला ते त्याच्या आळशी व क्रूर स्वभावात कारण शोधतात. ते कारण पुष्कळदा पटतेही. कधी कधी मात्र तो मंत्र वापरला असता तर कथा तेथेच संपली असती, हे अधिक सरळ उत्तर असते.