प्रमाण गुण ८४ म्हणजे किती?

अमेरिकेतील सरकारी शाळेत एखादे मूल वाचनात, गणितात किंवा भाषेत मागे पडत असल्याची शंका आली, की पालकांच्या लेखी संमतीने त्याची तपासणी केली जाते आणि नंतर आकड्यांनी भरलेला एक अहवाल घरी येतो. त्यात 'वुडकॉक-जॉन्सन' किंवा 'वेक्सलर' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या संपादन चाचण्यांचे, म्हणजे मुलाने वाचन, लेखन व गणित प्रत्यक्ष किती आत्मसात केले आहे हे मोजणाऱ्या चाचण्यांचे गुण असतात. भाषेविषयी शंका असेल तर वाचा-भाषा तज्ज्ञांनी घेतलेल्या 'सेल्फ' या चाचणीचेही असू शकतात. तिसरीतील एका मुलाच्या अशा अहवालात 'वाचन-आकलन : प्रमाण गुण ८४, पर्सेंटाइल १४' अशी एक ओळ आहे, असे समजू. ज्या मराठी आईवडिलांची सारी शालेय वर्षे शंभरपैकी गुण मोजण्यात गेली, त्यांना पहिला आकडा विशेष प्रावीण्याचा वाटतो आणि दुसरा नापासाचा. वस्तुतः हे दोन्ही आकडे एकच गोष्ट दोन रीतींनी सांगत असतात.

प्रमाण गुणाचा बरोबर उत्तरांच्या टक्केवारीशी संबंध नसतो. चाचणी तयार करताना ती देशभरातून निवडलेल्या, निरनिराळ्या वयांच्या मुलांना दिली जाते. या मुलांच्या समूहाला मानक गट म्हणतात. त्या त्या वयाच्या मुलांची सरासरी कामगिरी १०० धरली जाते आणि मुले सरासरीच्या अलीकडे-पलीकडे साधारण किती पसरतात हे दाखवणारे माप, म्हणजे प्रमाण विचलन, १५ धरले जाते. त्यामुळे सुमारे ६८ टक्के मुले ८५ ते ११५ या पट्ट्यात आणि सुमारे ९५ टक्के मुले ७० ते १३० या पट्ट्यात येतात. ८४ गुण मिळवणारे मूल सरासरीपेक्षा थोडे खाली आहे, इतकेच या आकड्यावरून म्हणता येते. पर्सेंटाइल हा शब्द सीईटीच्या निकालामुळे महाराष्ट्राच्या परिचयाचा आहेच. १४ पर्सेंटाइल म्हणजे त्याच वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे १४ मुलांची कामगिरी या मुलाइतकी किंवा त्याहून कमी आहे. मात्र पर्सेंटाइलच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. मध्यभागी मुलांची दाटी असल्यामुळे ५० वरून ६० पर्यंत जाण्यास प्रमाण गुणांत जेमतेम ४ची वाढ पुरते, तर तळाशी २ वरून १२ पर्यंत पोहोचण्यास सुमारे १३ गुण लागतात. 'सेल्फ'मधील उपचाचण्यांची मोजपट्टी आणखी वेगळी असून तिची सरासरी १० आणि प्रमाण विचलन ३ असते, म्हणून तेथे ८ हा आकडा दिसला तर तो सरासरीच्या अगदी जवळचा असतो.

कोणताही एक आकडा नेमका नसतो, हे तर अहवालातच लिहिलेले असते. फक्त ते बारीक अक्षरांत असते. तेच मूल दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या मनःस्थितीत बसले असते तर गुण थोडे बदलले असते, म्हणून गुणाशेजारी '७६ ते ९२' असा एक पट्टा दिला जातो आणि मुलाची खरी क्षमता त्या पट्ट्यात असण्याची शक्यता दाट आहे असा त्याचा अर्थ असतो. याच मुलाला ऐकून समजण्यात ८८ गुण असतील तर ८४ आणि ८८ यांच्या पट्ट्यांचा बराच भाग एकमेकांवर येतो आणि त्या फरकावरून कोणताही निष्कर्ष काढणे चूक ठरते. गणितात १०२ असतील तर मात्र दोन पट्टे सुटे राहतात आणि वाचनाची अडचण खरी असल्याचा संशय बळावतो. सर्वांत फसवा आकडा म्हणजे इयत्ता-समतुल्य गुण. तिसरीतील मुलापुढे '१.८' लिहिलेले पाहून ते पहिलीच्या पातळीवर अडकले आहे असे वाटते, पण पहिलीच्या आठव्या महिन्यातील सर्वसाधारण मुलाने जितके प्रश्न सोडवले असते तितके या मुलाने सोडवले, एवढाच त्याचा अर्थ असतो. ते प्रश्न कोणते आणि चूक कोठे झाली हे त्यातून कळत नाही. दोन वर्षांनी पुन्हा ८४च आले तर मूल जागचे हललेले नाही असेही नव्हे, कारण बरोबरीची मुले पुढे सरकत असताना तेच स्थान टिकवण्यासाठी त्याला त्यांच्याइतकेच पुढे जावे लागलेले असते.

भाषेच्या चाचणीत याहून गंभीर प्रश्न उभा राहतो, कारण तेथे मूल कोणत्या भाषेत वाढले यावर आकड्याचा अर्थच बदलतो. 'सेल्फ'मध्ये परीक्षक एक वाक्य उच्चारतो आणि मुलाने ते शब्दशः पुन्हा म्हणायचे असते. शब्द गळला की गुण कमी होतात. इंग्रजी नामाआधी येणाऱ्या 'अ' आणि 'द' या उपपदांना मराठीत जागा नाही, आणि 'एक हात, दोन हात' म्हणताना हे मराठी नाम जसेच्या तसे राहते, इंग्रजीसारखे त्याच्या शेवटी 'स' लागत नाही. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने वाक्याचा अर्थ पूर्ण समजून घेऊन उपपद आणि तो 'स' गाळला, तर तो भाषेचा दोष नसून दोन भाषांच्या व्याकरणांतील फरक असतो. मूल मराठीतही आजीला दिवसभराची हकीकत क्रमाने सांगू शकत नसेल, साधी सूचना त्याला दोनदोनदा सांगावी लागत असेल, तर मात्र अडचण भाषाक्षमतेचीच असण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते. जिम कमिन्स या अभ्यासकाने कॅनडातील स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून दाखवले, की खेळाच्या मैदानावरची इंग्रजी सुमारे दोन वर्षांत येते, परंतु पाठ्यपुस्तकाची इंग्रजी बरोबरीच्या मुलांइतकी येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मुलाचे वाचनाचे गुण कमी का येतात, याचा एक उलगडा येथे होतो.

हा भेद दुर्लक्षिला गेल्याने मुलांचे मोठे नुकसान झालेले आहे. कॅलिफोर्नियात घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजीतील बुद्धिमापनावरून मतिमंदांच्या वर्गांत बसवले जात होते. 'डायना' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात १९७०मध्ये तडजोड होऊन मुलांची तपासणी त्यांच्या घरच्या भाषेतही करण्याचे राज्याने मान्य केले. आज 'आयडीईए' या नावाने ओळखला जाणारा संघराज्याचा अपंग-शिक्षणविषयक कायदा शक्य तेथे मुलाच्या स्वतःच्या भाषेत तपासणी करण्यास सांगतो आणि एकाच चाचणीवरून निर्णय घेण्यास मनाई करतो. तरीही मराठी मानक गट असलेली 'सेल्फ' शाळेच्या कपाटात मिळणार नाही, आणि इंग्रजी चाचणीचे तोंडी मराठी भाषांतर करून काढलेला प्रमाण गुण ग्राह्य नसतो, कारण भाषांतर झाले की तुलनेचा मानक गटच निरुपयोगी होतो. म्हणून अशा वेळी घरातील बोलण्याचे नमुने आणि पालकांनी दिलेली माहिती यांना आकड्यांइतकेच वजन मिळाले पाहिजे.

अहवालावरील बैठकीला बसणाऱ्या पालकांनी हे संकोच न बाळगता बोलून दाखवावे. मूल घरी कोणती भाषा बोलते, वाक्य कोणत्या वयापासून जोडू लागले, मराठीत गोष्ट सांगते का, हे तपासणाऱ्यांना आपण होऊन सांगावे आणि ते अहवालात नोंदवले गेले आहे का ते पाहावे. बैठकीसाठी शाळेकडून दुभाषी मागता येतो, अहवालाची प्रत विनामूल्य मिळते आणि निष्कर्ष पटला नाही तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र तपासणीची मागणी करता येते. तिचा खर्च शाळेने करावा, अन्यथा आपली तपासणी योग्य होती हे सुनावणीत सिद्ध करावे, असे हा कायदा सांगतो.