दिवा शिकोहाबादचा, खांब रांजणगावचा

पुण्यात ‘बजाज’ म्हटलं की आकुर्डी आठवते आणि स्कूटर. त्याच घराण्याची दिव्यांची कंपनी वयाने मोठी, पण तिचा बल्ब कुठे तयार व्हायचा हे विचारलं तर उत्तर पटकन येत नाही. ‘रेडिओ लॅम्प वर्क्स’ या नावाने १९३८ साली नोंदलेल्या या कंपनीचा खरा पिंड कारखानदाराचा नव्हताच, विक्रेत्याचा होता. १९६० मध्ये ती ‘बजाज इलेक्ट्रिकल्स’ झाली, तेव्हा नावातून ‘लॅम्प’ही गळला आणि ‘वर्क्स’ही. नामांतरात इतका प्रामाणिकपणा क्वचितच दिसतो. तिचे बल्ब यायचे उत्तर प्रदेशातल्या शिकोहाबादच्या ‘हिंद लॅम्प्स’मधून. हा कारखाना बजाज आणि काही परदेशी दिवे-कंपन्यांनी मिळून उभारलेला. दुकानात एकमेकांशी झगडणारे बल्ब जन्माने सख्खे भाऊ असायचे, शिक्का तेवढा वेगळा. पुढे सीएफएल आले ते नाशिकच्या ‘स्टारलाइट’मधून. पुण्याच्या वाट्याला दिवा सोडून बाकी सगळं आलं: ‘मॅचवेल’चे पंखे, चाकणजवळ महाळुंग्याचा कारखाना, आणि रांजणगावात दिवे टांगण्याचे उंच खांब, हायमास्ट, विजेचे मनोरे.

यावर कुणी म्हणेल, मग ही नुसती शिक्का मारणारी कंपनी. हा आक्षेप मला अर्धाच पटतो. याच घराण्याची बच्छराज ट्रेडिंगही आधी आयात स्कूटर विकायची. १९५९ मध्ये परवाना मिळताच ती उत्पादनाकडे वळली आणि तिचं सोनं झालं. पण स्कूटरसाठी गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, बल्बसाठी दहा मिनिटंही थांबत नाही. तो गेला की माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात जातो आणि समोर असेल तो उचलतो. अशा मालात भट्टीपेक्षा दुकानाची फळी महत्त्वाची, आणि ती मिळवायला गावोगावचे विक्रेते सांभाळावे लागतात. ते कष्ट शिक्का मारण्याइतके सोपे नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. सरकारी खरेदीत २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब तीनेक वर्षांत ३८ रुपयांवर आला. सुटे भाग जोडून बल्ब कुणीही करू लागला, मग नावाला किंमत काय उरली? उरली, पण कमी. मात्र ज्यांनी काच फुंकण्यात आणि तार ओढण्यात भांडवल गाडलं होतं, त्यांची यंत्रंच भंगारात निघायची वेळ आली. दिवा न बनवणाऱ्याचं तेवढं नुकसान टळलं.

खांबांचं तसं झालं नाही. एलईडीही उंचावरच टांगावा लागतो. तरी २०२३ मध्ये वीजवाहिन्यांचा व्यवसाय ‘बजेल प्रोजेक्ट्स’ या नव्या कंपनीत वेगळा काढला गेला आणि रांजणगावचा कारखाना तिच्याकडे गेला.