घोडा बसत नाही, असं कोण म्हणतं?

मार्गशीर्षात दत्तजयंती आली की शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्यात तापीकाठी घोडेबाजार भरतो. एकमुखी दत्ताची यात्रा जुनी, बाजारही तितकाच जुना. अलीकडे त्याला चेतक फेस्टिव्हलचं झगमगतं रूप आलं आहे. मारवाडी, काठियावाडी, नुकरा अशी जनावरं घेऊन लांबलांबचे व्यापारी इथे उतरतात. घोड्याचा दुस्वास करणारा माणूस या बाजारात शोधून सापडणार नाही. खरारा, चंदी, झूल, कशाचीच कसर नसते. तरीही घोड्याला त्रास होतो, आणि तो बहुतेक वेळा क्रूरपणापेक्षा पिढीजात समजुतींमुळे होतो.

सगळ्यात पक्की समजूत म्हणजे घोडा कधी बसत नाही, आणि बसला तर तो आजारी आहे. यातलं अर्धं खरं आहे. घोड्याच्या पायातले स्नायुबंध आणि सांधे असे अडकतात की तो फारशी ताकद न लावता उभ्याउभ्या डुलकी घेऊ शकतो. पण गाढ झोपेचा जो टप्पा मेंदूला लागतो, त्यात अंगाचे स्नायू सैल पडतात, आणि त्यासाठी त्याला आडवंच व्हावं लागतं. रोज साधारण अर्धा ते एक तास एवढी झोप पुरते, पण ती लागतेच. अगाडी-पिछाडी आखडून बांधलेला किंवा खडकाळ जागेत उभा केलेला घोडा दिवसेंदिवस आडवा होत नाही. मग उभ्याउभ्या पेंगताना त्याचे पुढचे पाय मुडपतात. मालकाला वाटतं, घोडा अशक्त झाला. त्याला हवी असते लांब दोरी आणि खाली थोडं गवत. हां, घोडा पुन्हापुन्हा लोळतोय, पोटाकडे वळून बघतोय, पोटावर लाथा मारतोय, तर ती झोप नव्हे, पोटशूळ आहे. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे घरगुती उपायांत तास घालवणं जिवावर बेतू शकतं.

याच पोटशूळाचं एक मोठं कारण आपण लाडाने खाऊ घालतो. हरभरा आणि गूळ भरपूर दिला की घोडा तगडा होतो, असं मानतात. घोड्याचं पोट बनलंय दिवसभर थोडं थोडं गवत चघळण्यासाठी. दाणा एकदम वाढवला तर पोट बिघडतं, आणि खुरांच्या आत सूज येऊन जनावर कायमचं लंगडं होऊ शकतं. तेव्हा मुख्य खाणं चाऱ्याचं, चंदी त्याच्या जोडीला.

आता लगाम. तापट घोड्याला काटेरी लगामच हवा, असं भलेभले घोडेवाले सांगतात. लगामाची सळई तोंडात जिथे बसते, तिथे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. तिथली हिरडी अगदी पातळ, आणि तिच्याखाली लगेच हाड. तिथे काटा रुतला की घोडा मान उडवतो, आ वासतो, उधळतो. मालक म्हणतो, बघा किती तापट! वेदनेपासून पळणं हा भक्ष्य होणाऱ्या प्राण्याचा स्वभावच आहे. त्यामुळे काट्याने घोडा ताब्यात येण्याऐवजी बिथरतो. कायद्याने तर हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. ओढकाम व ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५च्या केंद्रीय नियमांनुसार काटे किंवा टोकं असलेला लगाम, साज, जू वापरायला मनाई आहे.

ढोलावर पाय उचलणारी घोडी खुशीत असते, हीही अशीच एक समजूत. तो ठेका शिकवलेला असतो. ती मजेत आहे की धास्तावलेली, हे पायांवरून कळत नाही. कान मागे चिकटलेले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, शेपटी सारखी झटकतेय, तर ती त्रासात आहे. टाळ्या वाजवण्याआधी तेवढं बघावं.

थंडीच्या दिवसांत घोड्याचं नाक वाहिलं की सर्दी म्हणून सोडून देतात. ती सर्दी असेलही. पण ग्लँडर्सही असू शकतो. या जिवाणूजन्य रोगावर लस नाही, तो माणसालाही होतो, आणि रोग पक्का झाला तर जनावर मारावं लागतं. एकाच हौदात शेकडो घोडे तोंड घालतात, तिथे स्वतःची बादली ठेवणं हा सगळ्यात स्वस्त बचाव.

‘माझा घोडा, मी काहीही करीन’ हेही कानावर येतं. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० आधी मालकावरच जबाबदारी टाकतो. वाहतुकीचे नियमही आहेत: प्रवासाआधी पशुवैद्याचा दाखला, एका ट्रकमध्ये जास्तीत जास्त चार ते सहा घोडे, घसरू नये अशी जमीन, दोन घोड्यांमध्ये बांबू, आणि वेग ताशी ३५ किलोमीटरपर्यंत. हा वेग महामार्गावर कोण पाळतं, ते विचारू नका. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, ही मात्र समजूत नव्हे, खरी आणि लाजिरवाणी गोष्ट आहे. तो वाढवण्याचा मसुदा केंद्राने २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला होता. पण पन्नास रुपयांत सगळंच सुटतं असं समजू नये. जनावराला मारून टाकणं, विष घालणं किंवा अपंग करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

हे सगळे नियम यात्रा बंद पाडण्यासाठी आहेत, अशी धास्ती काहींना वाटते. घोडा विकणं, पाळणं, त्यावर बसणं यावर या कायद्याची बंदी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या त्या मुंबईतल्या हौसेच्या व्हिक्टोरिया गाड्या. घोडेबाजाराला खरा धोका वेगळाच आहे: देशातले घोडे आणि तट्टू २०१२ मध्ये सव्वासहा लाख होते, ते २०१९च्या पशुगणनेत साडेतीन लाखांच्याही आत आले.

बाजारात गिऱ्हाईक मागेल तसा माल येतो. म्हणून यंदा सारंगखेड्याला घोडा घ्यायला जाल तेव्हा भोवरे आणि पंचकल्याणी खुणा जरूर पाहा, पण आधी त्याच्या ओठांचे कोपरे पाहा. जखम दिसली, लगाम काटेरी निघाला, तर सौदा तिथेच सोडा. आणि जनावर आजारी वाटलं तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक फिरवा. त्या फोनला पैसे पडत नाहीत.