पुरवठादार, जागामालक आणि आपले औषधालय

आयुर्वेदीय औषधनिर्मिती व विक्री यांचा विचार करताना आपण द्रव्य, कल्प आणि रुग्ण यांविषयी भरपूर बोलतो. परंतु ज्याच्याकडून हिरडा, गुळवेल, अशोकसाल येते तो पुरवठादार, आणि ज्याच्या जागेत आपला खल चालतो तो जागामालक, यांच्याशी असलेल्या कायदेशीर नात्याचा विचार आपण क्वचितच करतो. जळगाव असो वा धुळे, खानदेशातील व्यवहार आजही बहुधा शब्दावर चालतो. ही परंपरा आदरणीय आहे; तथापि संबंध तुटतात तेव्हा न्यायालय शब्द नव्हे, कागद पाहते. म्हणून या दोन्ही नात्यांतील ठळक तरतुदी व्यवसायबंधूंपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पुरवठादाराचे देणे

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ हा प्रत्येक औषधालयचालकाने जाणून घ्यावा असा आहे. नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाकडून माल घेतल्यास त्याचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ही मुदत करारानेही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी करार नसेल तर मुदत अवघी १५ दिवसांची. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज चढते. पुरवठादार सुविधा परिषदेकडे दाद मागू शकतो. परिषदेचा निवाडा न्यायालयात आव्हानित करावयाचा तर रकमेच्या ७५ टक्के भाग आधी जमा करावा लागतो. करारात स्वतंत्र लवादाचे कलम असले तरी परिषदेचा मार्ग बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाली फूड्स प्रकरणात स्पष्ट केले. त्याच निकालानुसार, व्यवहारानंतर नोंदणी करून मागच्या मालासाठी या कायद्याचा लाभ घेता येत नाही. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळू लागली, परंतु तिचा लाभ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरता मर्यादित ठेवण्यात आला.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद मालाच्या स्वीकृतीविषयीची आहे. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे कायदा मानतो. अशोकसालीच्या नावाखाली आसुपालवाची साल येते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. गोणी तशीच कोठारात पडून राहिली, दोन महिन्यांनी काढ्यासाठी उघडली आणि तेव्हा भेसळ ध्यानी आली, तर रागाने देयक अडवून ठेवण्यात अर्थ नसतो. त्या काळात व्याज वाढत जाते आणि आपली तक्रार मात्र उशिराची ठरते. यावर उपाय साधा आहे. माल येताच द्रव्यपरीक्षण करावे, पुरवठादाराच्या प्रतिनिधीसमक्ष नमुना मोहोरबंद करून तारीख घालावी, शंका असल्यास प्रयोगशाळेकडे पाठवावे आणि हरकत त्याच पंधरवड्यात लेखी कळवावी. अनुसूची टी नुसार कच्च्या मालाच्या नोंदी ठेवणे उत्पादकास बंधनकारकच आहे. त्याच नोंदी वादाच्या वेळी साक्षीदार होतात.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. आपण स्वतः कल्प तयार करून इतर वैद्यांस वा दुकानदारांस पुरवीत असाल, तर विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा साधारणपणे तीन वर्षांतच लावता येतो. मुदत संपण्यापूर्वी देणेदाराने शिल्लक रकमेची सहीनिशी कबुली दिली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. दिवाळीत वह्या बदलताना ही कबुली घेण्याची सवय लावावी. धनादेश न वटल्यास, बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवस देणेदारास द्यावे लागतात. त्यानंतर महिन्याभरात फिर्याद दाखल करावी.

जागेचा प्रश्न

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. भाडेकरूस त्याचे संरक्षण आहे, या समजुतीत अनेक जण निश्चिंत असतात. परंतु एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांना हे संरक्षण नाही. पादत्राणांसाठी घरोघरी परिचित असलेल्या करोना लिमिटेड कंपनीला याचा प्रत्यय आला. जागामालकाशी झालेल्या वादात कंपनीच्या भागभांडवलाची स्थिती हाच कळीचा मुद्दा होता. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीस भाडे कायद्याचे संरक्षण नाकारले. औषधालयाचे रूपांतर खासगी कंपनीत करताना वा भांडवल वाढविताना आपल्या जागेचे काय होईल, हा प्रश्न सनदी लेखापालास अवश्य विचारावा.

शासन वा स्थानिक संस्था यांच्या मालकीच्या जागेलाही हा कायदा लागू नाही. जळगाव महानगरपालिकेच्या व्यापारी संकुलांतील गाळ्यांच्या कराराची मुदत २०१२ मध्ये संपली. पुढे भाडे, थकबाकी आणि ताबा यांवरून वर्षानुवर्षे संघर्ष झाला, महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ८१-ब खाली निष्कासनाची कारवाई सुरू झाली आणि वाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला. पिढ्यान्‌पिढ्या तेथे दुकान आहे, हे करार संपल्यावर पुरेसे उत्तर ठरत नाही, इतका बोध यातून प्रत्येक गाळेधारकाने घ्यावा.

खासगी जागेबाबत भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे कलम ५५ नुसार आवश्यक आहे. नोंदणीची जबाबदारी जागामालकाची असून, ती न केल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तथापि या आधारावर विसंबून राहू नये. औषधनिर्मितीचा परवाना विशिष्ट जागेसाठी असतो. ताबा गेला तर भट्टी, यंत्रे व साठा हलवून भागत नाही. नव्या जागेसाठी पुन्हा परवाना घ्यावा लागतो आणि तोवर उत्पादन थांबते. म्हणून करारात जागेचा वापर औषधनिर्मितीसाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख, मुदत, नूतनीकरण आणि जागा सोडण्यापूर्वीची पुरेशी सूचना या चार गोष्टी असाव्यातच.

न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वी समेटाचा मार्गही आहे. तीन लाख वा अधिक रकमेच्या व्यावसायिक दाव्यात, तातडीचा मनाई हुकूम नको असल्यास, दाव्यापूर्वी मध्यस्थी बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात सांगितले. अनेक वाद तेथेच मिटू शकतात.

निदानाचे परिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी, असे आपले शास्त्र सांगते. व्यवहारातील वादाचे निदान बहुधा न लिहिलेल्या करारात आणि न पाठविलेल्या पत्रात सापडते. व्यवसायबंधूंनी या महिन्यातच आपला भाडेकरार कपाटातून काढून त्याची तारीख पाहावी आणि पुरवठादारांच्या खात्यांचा आढावा घ्यावा, अशी आमची विनंती आहे.