मेलबर्नचा फॉरवर्ड : नेव्हिल डिसूझा

१ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. फुटबॉलच्या या उपांत्यपूर्व सामन्यात भारत ४-२ असा जिंकला आणि चारपैकी तीन गोल नेव्हिल डिसूझाने मारले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. मूळचा गोव्याचा, पण खेळाडू म्हणून पुरता मुंबईचा.

आमच्या दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत संध्याकाळी पोरं खेळायला उतरतात तेव्हा पाठीवर मेस्सी असतो, रोनाल्डो असतो, एखादा केशरी डच जर्सीतही दिसतो. डच फॉरवर्डांच्या कारकिर्दी या पोरांना तोंडपाठ असतात. नेव्हिलचं नाव घेतलं की मात्र चेहरे कोरे. यात पोरांचा काय दोष? आपण मोठ्यांनीच त्यांना कधी सांगितलं नाही. म्हणून हा लेख.

फॉरवर्डचं काम

दीड तासाच्या सामन्यात फॉरवर्डच्या पायाशी चेंडू फार थोडा वेळ असतो. बाकीचा वेळ तो जागा शोधत असतो. पाठीला बचावपटू चिकटलेला, समोर गोलकीपर, आणि त्या दोघांच्या मधल्या पावलाभर जागेत योग्य क्षणी पोचायचं. प्रेक्षकांना दिसतो तो शेवटचा फटका. पण खरं काम त्याआधीच्या धावेत झालेलं असतं.

नेव्हिलच्या काळी हे आजच्यापेक्षा अवघड होतं. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीच्या रेषेत असलेला फॉरवर्ड आज ऑफसाइड ठरत नाही. ही सवलत १९९० मध्ये आली. १९५६ मध्ये बरोबरीत उभं राहिलं तरी शिटी वाजायची. बदली खेळाडूही नव्हता. पाय मुरगळला तर लंगडत खेळायचं, नाहीतर संघ दहा जणांचा.

हॉलंडची वाट

डच फॉरवर्डची कारकीर्द कशी उभी राहते हे मार्को व्हान बास्टेनवरून नीट कळतं. जन्म १९६४, उट्रेख्ट. ३ एप्रिल १९८२ रोजी तो आयाक्सकडून पहिल्यांदा मैदानात उतरला, तोही योहान क्रायफचा बदली म्हणून, आणि त्याच सामन्यात त्याने गोल केला. १९८५-८६ च्या हंगामात २६ लीग सामन्यांत ३७ गोल. १९८७ मध्ये मिलान. १९८८ च्या युरोपीय स्पर्धेत पाच गोल. अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्ध उजवीकडच्या अवघड कोनातून त्याने चेंडू अधांतरीच मारला, तो गोल लोक अजून पुन्हा पुन्हा पाहतात. युरोपातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून तीनदा बॅलन डी'ऑर. मग घोट्याने दगा दिला. शेवटचा अधिकृत सामना मे १९९३ मध्ये, अठ्ठावीस वर्षांचा असताना. निवृत्ती जाहीर झाली १९९५ मध्ये.

हे सगळं व्यावसायिक फुटबॉलच्या भक्कम चौकटीत घडलं. पण ती चौकट हॉलंडमध्येही फार जुनी नाही. तिथे पैसे घेऊन फुटबॉल खेळायला परवानगी मिळाली १९५४ मध्ये, म्हणजे नेव्हिलच्या मेलबर्नच्या अवघी दोन वर्षं आधी. आणि मेलबर्नला तर डच आलेच नाहीत. हंगेरीत सोव्हिएत रणगाडे घुसल्याच्या निषेधार्थ हॉलंडने त्या ऑलिंपिकवर बहिष्कार घातला होता.

कंपनीचा खेळाडू

आपल्याकडे त्या काळी फुटबॉलवर संसार चालत नसे. चालायचा तो नोकरीवर, आणि नोकरी मिळायची फुटबॉलमुळे. टाटा, कॅलटेक्स, बर्मा शेल, कापड गिरण्या, दोन्ही रेल्वे: मुंबईतल्या मोठ्या आस्थापनांचे संघ असत. खेळाडूचं नाव हजेरीपटावर, पगार पहिल्या तारखेला, सरावासाठी लवकर सुटका आणि सामन्याच्या दिवशी सवलत. दीपनगरसारख्या वीज केंद्राच्या वसाहतीत राहणाऱ्याला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. नोकरी, क्वार्टर आणि मैदान एकाच मालकाचं असलं की खेळाला काय बळ मिळतं हे इथल्या घराघरात ठाऊक आहे. खेळाडूला चाळिशीनंतरही पगार मिळण्याची हमी देणारी दुसरी व्यवस्था तेव्हा या देशात नव्हती, त्यामुळे मी तरी या रचनेला कमी लेखणार नाही.

नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लब आणि कॅलटेक्सकडून खेळला. रणांगण म्हणजे मुंबईचं कूपरेज मैदान. हारवुड लीगचे सामने पावसाळ्यात व्हायचे, चिखलात. भिजलेला चामड्याचा चेंडू जड व्हायचा आणि डोक्याने मारला की कपाळ झिणझिणायचं. आपल्या खानदेशात मुरमाच्या टणक मैदानावर चेंडू टप्प्याला उंच उसळतो. कूपरेजवर तो जागच्या जागी रुतायचा. अशा मैदानात तयार झालेला फॉरवर्ड चेंडू आपल्यापर्यंत येईल म्हणून थांबत नाही, स्वतः चेंडूकडे जातो. हे पुढे मेलबर्नमध्ये दिसलं.

१९५४ मध्ये मुंबईने संतोष ट्रॉफी पहिल्यांदा जिंकली, ती याच पिढीच्या काळात. १८९१ पासून चालत आलेला रोव्हर्स कप १९५८ मध्ये कॅलटेक्सने पटकावला, त्या संघात नेव्हिल होता. भाऊ डेरेकही भारताकडून खेळला.

मेलबर्नच्या आधीची एक जखम

१९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघातले बरेच खेळाडू अनवाणी खेळले. थंडी, ओलं गवत आणि समोर युगोस्लाव्हिया. निकाल १-१०. त्यानंतर आपल्या फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी चार वर्षांनी मेलबर्नला नेलेला संघ बूट घालून खेळणारा होता. कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. सोबत पी. के. बॅनर्जी, किट्टू, तुलसीदास बलराम, पीटर थंगराज आणि मुंबईचा गोलकीपर नारायण.

पहिल्या फेरीत गाठ हंगेरीशी होती. तो संघ आलाच नाही आणि भारत न खेळता पुढे गेला. त्यामुळे ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना हीच भारताची पहिली खरी परीक्षा होती.

तीन गोल

नवव्या मिनिटाला बद्रू बॅनर्जींचा फटका गोलच्या चौकटीवर आदळून मागे उसळला. नेव्हिलने तो परतलेला चेंडू डोक्याने आत ढकलला. दिसायला सोपा गोल. पण फटका बसत असताना बाकीचे बघत उभे होते आणि नेव्हिल धावत होता. चेंडू परत येणार असं गृहीत धरून आधीच निघालेल्या माणसालाच असा गोल मिळतो.

सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी उजवीकडून क्रॉस दिला आणि नेव्हिलने दुसरा गोल केला. एक्केचाळिसाव्या मिनिटाला मॉरोने पुन्हा बरोबरी केली. मध्यंतराला २-२. यजमानांच्या प्रेक्षकांसमोर दोनदा हातची आघाडी गेली की भलेभले संघ खचतात. विश्रांतीनंतर पाचच मिनिटांत नेव्हिलने तिसरा गोल मारला, आणि ऐंशीव्या मिनिटाला किट्टूने चौथा. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोचलेला भारत हा पहिला आशियाई संघ ठरला.

पुन्हा युगोस्लाव्हिया

तीन दिवसांनी मेलबर्न क्रिकेट मैदानावर, चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवणाराच संघ समोर उभा होता. पूर्वार्ध गोलशून्य. बावन्नाव्या मिनिटाला गोल झाला आणि तो युगोस्लाव्हियाचा नव्हता, नेव्हिलचा होता. दोनेक मिनिटं भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या वाटेवर होता. मग पापेत्सने बरोबरी केली, वेसेलिनोविचने आघाडी घेतली, पापेत्सने आणखी एक टाकला आणि शेवटचा गोल आपल्याच बचावपटूकडून स्वतःच्या जाळ्यात गेला. १-४. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० हरवलं आणि भारत चौथा राहिला.

नेव्हिलच्या खात्यात एकूण चार गोल. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह यांचेही चारच. त्या ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत एक जण कूपरेजच्या चिखलात घडलेला होता, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर

भारत शेवटचा ऑलिंपिक फुटबॉल खेळला १९६० मध्ये रोमला. आशियाला पहिलं पदक १९६८ मध्ये जपानने मिळवून दिलं. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. फुटबॉलमधला पहिला पी. के. बॅनर्जींना मिळाला, पुढच्या वर्षी बलरामला. नेव्हिलचं नाव त्या यादीत कधीच आलं नाही. १७ मार्च १९८० रोजी तो गेला, वय सत्तेचाळीस. ऑलिंपिकमधल्या हॅटट्रिकपेक्षा मोठी पात्रता कोणती असते, याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

गोव्याच्या फॉरवर्डला अर्जुन पुरस्काराचा मान मिळाला २००१ मध्ये, साळगावकर क्लबच्या ब्रुनो कुतिन्होला. तोवर कंपन्यांच्या संघांचा काळ उतरणीला लागला होता. रोव्हर्स कप त्याच सुमारास बंद पडला, आणि १९६२ मध्ये उभा राहिलेला महिंद्राचा संघ २०१० मध्ये मोडला. आज क्लब आहेत, करार आहेत, इंडियन सुपर लीग (आयएसएल) आहे. दहावीच्या वर्गातल्या मुलाला फुटबॉल हा पेशा म्हणून निवडता येतो. नेव्हिलपाशी यातलं काही नव्हतं. त्याच्याकडे होती कंपनीतली नोकरी, आणि चेंडू कुठे परतणार याचा अंदाज.