राखणदाराच्या घरात चोर

बारवी धरणाचे पाणी शुद्ध होऊन नळांनी उल्हासनगर-अंबरनाथकडच्या वस्त्यांना जाते, हे आपल्याला ठाऊकच आहे. आता समजा, जमिनीखालच्या नळांचा नकाशा हरवला. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या आळीचा, हे कसे ओळखावे? जाणता माणूस म्हणेल, "एक बंद करा, आणि कुणाचा नळ कोरडा पडतो ते बघा!" शरीरातल्या पेशींचे काम उलगडताना शास्त्रज्ञ हेच करतात. तेथे व्हॉल्व्हच्या जागी जीन असतो. आईबापांकडून आलेली एकेका कामाची सूचनाच म्हणा ना.

असे प्रयोग उंदरांवर पुष्कळ झाले. पण उंदीर तो केवढासा! अंगापिंडाने आणि रोगाशी झुंजण्याच्या रीतीने डुक्कर माणसाला अधिक जवळचे. शिवाय त्याचे स्वतःचे रोग आहेतच. 'पीआरआरएस' नावाच्या रोगाने गाभण माद्या गाभ टाकतात, पिलांना धाप लागते. आपल्या देशात तो २०१३ साली मिझोराममध्ये आढळला. आपल्याकडे दारची शेळी, तसे तिकडे डुक्कर. ते गेले की घरातला पैसाच गेला.

या रोगाचा विषाणू मोठा धूर्त. जंतूंना गिळून टाकणाऱ्या ज्या भक्षक पेशी शरीराची राखण करतात, नेमक्या त्यांच्यातच शिरून तो वाढतो. पण शिरतो कोणत्या दाराने? संशय होता पेशीवरच्या सीडी-१६९ या प्रथिनावर. अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी त्याचा जीन बंद केलेली डुकरे जन्माला घातली. २०१३ साली निष्कर्ष आला: डुकरे पूर्वीसारखीच आजारी पडतात. मग त्यांनी सीडी-१६३ चा जीन बंद केला. २०१५ चा तो निकाल असा की, विषाणू दिला तरी ती डुकरे धडधाकट राहिली. दार सापडले! लोक दुसऱ्या प्रयोगाचे कौतुक करतात. मला पहिलाही तेवढाच मोलाचा वाटतो. चुकीचा व्हॉल्व्ह कोणता, हेही कुणीतरी तपासावेच लागते.

येथे एखादे गुरुजी विचारतील, "अहो, निसर्गाने ते दार काय चोरासाठी ठेवले होते?" प्रश्न रास्त आहे. तांबड्या पेशी फुटल्या की रक्तात सांडणारे हिमोग्लोबिन गोळा करणे, हे सीडी-१६३ चे काम. त्याचे भाग नऊ. एडिंबरोजवळच्या रोझलिन संस्थेने त्यातला फक्त पाचवा भाग वगळला. हिमोग्लोबिन गोळा होतच राहिले, असे २०१७ मध्ये दिसले. आणि पुढच्या वर्षीच्या कसोटीत विषाणूला प्रवेश मिळाला नाही. अशा तऱ्हेची डुकरे खाण्यासाठी वाढवायला अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये परवानगी दिली.

म्हणजे डुकराचे सगळेच रोग टळले का? छे! आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणूही भक्षक पेशींतच वाढतो. २०२० साली तो आसामात आला, आणि डुकरे पटापट मेली. त्याआधीच, २०१७ मध्ये, सीडी-१६३ नसलेल्या डुकरांना तो देऊन पाहिला होता. ती इतर डुकरांइतकीच आजारी पडली. या चोराची वाट निराळी आहे.